मूळ फाइल तशीच ठेवा

मीरा रोड,
२० जानेवारी २०२६

सौ. चांदणीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिलंय, बघितलंस ना? दोन वर्षांत पहिल्यांदाच. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून हे पत्र उद्या भाईंदरच्या मासळी बाजारात तुझ्या सासूबाईंच्या हाती देणार आहे. कागदाला बोंबलाचा वास लागला तर मला बोल लावू नकोस.

आम्ही बरे आहोत. घोडबंदरचं घर सध्या बंद असतं, आई माझ्याकडे आहे. तिचं पुढे लिहिते.

माझं काम विचारशील तर कंपनीने एक नवं टूल काढलंय. एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण पार पाडणारे प्रोग्राम, त्यांना फोटो, आवाज, व्हिडिओ अपलोड करता यावेत म्हणून. ते टूल कसं वापरायचं याची माहिती मी लिहितेय. वाचणारा माणूस नाही, एजंटच. त्यामुळे सगळं उघड लिहावं लागतं. ‘नीट ठेव’ एवढं लिहून भागत नाही. कुठे ठेव, कशी ठेव, ठेवली गेली हे कशावरून समज, तेही सांगायचं. आपल्या घरी उलटं. कुणी काही बोलायचं नाही, समोरच्याने समजून घ्यायचं, आणि मग दोघांनी गाल फुगवून बसायचं.

टूल तपासायला एक आवाजाची फाइल हवी होती. मी आईने गायलेला धवला घेतला, आपलं लग्नातलं गाणं.

आईचं रेकॉर्डिंग आलं कुठून, असं तुला वाटेल. मांडवात कुणी फोन वर केला की ती धवला अर्ध्यावर तोडायची. मांडव नसताना तर तोंडातून ओळ काढायची नाही. अख्ख्या घोडबंदरच्या पोरींना हिने हळद लावताना गाऊन रडवलं, आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नादिवशी घरात दार लावून बसली. तू चर्चमधून परस्पर सासरी, पालीला गेलीस. त्याआधी घरातून निघताना उंबऱ्यावर जे म्हणालीस ते तिने ऐकलं होतं. “आईने स्वतःच्या तोंडाने हाक मारली तरच हा उंबरा चढेन.” ते ती विसरलेली नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी तीच मला म्हणाली, “फोन काढ.” पाटावर तांदूळ पसरले, वर नारळ ठेवला. म्हणाली, “ह्योच मांडव.” आणि गायला लागली.

धवल्यात आधी नवरीचं नाव येतं, मग नवऱ्याचं. तुझं नाव तिने झरकन घेतलं. मग थांबली. मला वाटलं, ओळ विसरली. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं त्यात आलंय. तिचा श्वासही. आणि मग तिने नाव घेतलं, “नेल्सन”. तोवर तिच्या लेखी तो नुसता ‘पालीवाला’ होता.

ही फाइल मी एजंटला दिली. त्याने अपलोड केली आणि कळवलं की आवाज स्वच्छ केला, मधली रिकामी जागा काढून टाकली. ऐकलं तर तुझ्या नावाला लागूनच नेल्सनचं नाव. जणू आईला कधी काही जड गेलंच नव्हतं. कानाला गोड वाटलं आणि सगळं खोटं वाटलं. मी तिथेच रडायला लागले. कॉलवर माझा साहेब होता, विपुल. तो म्हणाला, “मॅम, आवाज तर एकदम क्लीन आलाय. प्रॉब्लेम काय झाला?”

मी म्हटलं, “जे काढलंय ना, तेच मला पाहिजे होतं.”

आता माहितीत माझं एक वाक्य आहे. ‘वापरणाऱ्याने सांगितल्याशिवाय शांतता कापू नका. मूळ फाइल तशीच ठेवा.’ विपुलने कारण लिहायला सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही.

तुला मात्र सांगायला हवं. इतका वेळ टाळत आले. तो धवला म्हटला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला हॉस्पिटलात भरती करायचं होतं. घशात गाठ होती, चांदणी. कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता मला बोलवायचं तर पेल्यावर बांगडी वाजवते. माझा सार्थक शाळेतून आला की त्याच्याकडे बघून नुसते ओठ हलवते, आणि तो शहाणा पोरगा सगळं कळल्यासारखी मान डोलावतो.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. “कीव येऊन येनारी पोर मना नको.” ऑपरेशनला जाताना तिचं जवळजवळ शेवटचं बोलणं ते. ती शपथ मी आज मोडतेय. रागावली तर रागावू दे. ओरडणार कशी?

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात मूळ फाइल आहे, काहीही न कापलेली. नेल्सनला शेजारी बसवून ऐक. ती थांबते तिथे पुढे ढकलू नकोस. तिला किती जड गेलं ते तिथेच ऐकू येतं, आणि तरी तिने नाव घेतलं, तेही.

तू तिच्या हाकेसाठी अडून बसलीयस. आता तसली हाक येणार नाही, आणि ते रागामुळे नाही. तिच्याकडे जी होती ती तिने त्या फाइलीत मारून ठेवलीय.

त्या टूलच्या माहितीत मी सगळ्यात आधी लिहिलंय की पाठवलं म्हणजे पोचलं असं धरू नका, समोरून पोच येईपर्यंत काम अपुरं समजा. तू पोच पाठवू नकोस. दोघं या.

आता आईच्याही वाटचं बोलणारी,
तुझी मिनलताई