नागाबाईची गादी

निलंगा,
८ जानेवारी २०२४

ती. पिराजीदादास,
धाकट्या नागूचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. फोनवर बोलले असते, पण तळघरात भिंतीलाही हनुमंताचे कान हायत.

दादा, आबा गेल्यावर गादी तुमची व्हती. वर्षभर सांभाळ, मी येतो म्हणून तुम्ही गेलात, त्याला एकाहत्तर वर्षं झाली. आपण रक्तावर जगणारी माणसं, आपल्याला वर्षांचं काय, असं तुम्ही म्हणाल. पण ह्या बेचाळीस जणांचं राज्य रोज हाकून मी लई शिणले. कुणाला बकऱ्याचं रक्त पातळ लागतं, कुणाला शेजाऱ्याची खोली जास्त अंधारी वाटते.

आता आपल्या सुदामभावाचा पोरगा हनुमंत गादी मागून राहिला. त्याचं म्हणणं, आत्या नुसती राखणदार, खरी राजा न्हाई. गादीवर बसलो की आबांची शपथ मोडीन, माणसाचं रक्त खुलं करीन, असं सांगत फिरतो. निम्मी घरं त्याच्याकडं झुकलीत. त्याची बहीण राजकन्या तेवढी माझ्या बाजूनं. सुदाम गेल्यावर दोघांना मीच वाढवलं, त्यामुळं भांडायलाही जीव होईना. पुढच्या महिन्यात अवसेला सभा हाय. तुम्ही या, आपल्या जागी बसा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
नागू

धर्माबाद,
१७ जानेवारी २०२४

चि. नागूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, मुंग्या चालल्यावानी. मी बरा हाय. मिरचीच्या गोदामावर रातची राखण करतो. इथं मला कुणी राजा म्हणत न्हाई, मामा म्हणतात.

मी का गेलो, ते तू कधी विचारलं न्हाईस. आज सांगतो. शपथ मोडणाऱ्याला उन्हात काढायचं, आणि दार गादीवाल्यानं स्वतःच्या हातानं उघडायचं, हा आबांचा कायदा. आबांचे हात थरथरू लागले, तवा एकदा त्यांनी मला उघडायला लावलं. बाहेर काढला तो माझा जिवाचा दोस्त दयानंद. थोड्या वेळानं राखसुद्धा उरली न्हाई. त्या दारापाशी मी पुन्हा उभा राहणार न्हाई, नागू. भित्रा म्हण.

गादीवरचा माझा हक्क सोडला, असा कागद सोबत जोडलाय. सभेत वाचून दाखव.

ह्या भावाचं चुकलं ते पोटात घाल.
तुझा,
दादा

निलंगा,
२ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कागद मिळाला. आधी रागावले. मग कळलं, राग टिकवायलाही ताकद लागते. सोडून दिला.

परवा हनुमंतानं ऊसतोडीला आलेल्या सरजाबाईच्या मानेला तोंड लावलं. पाण्याला निघाली व्हती बिचारी. वाचली. अंगात रक्त कमी हाय, पालक खाऊ घाला, असं डॉक्टर म्हणले. दिवस मावळल्यावर मी दवाखान्यात तिच्या उशाशी जाऊन बसले. मी कोण, हे तिला ठाऊक न्हाई. माझे हात गार लागले, तर तिनं आपली चादर माझ्यावर टाकली.

हनुमंत लपवत न्हाई. उलट म्हणतो, आत्याच्यानं दार उघडवणार न्हाई. न उघडणाऱ्याला गादी आणि हद्द दोन्ही सोडावी लागते, म्हणजे रिकाम्या गादीवर तोच बसणार. अवसेला माझ्या हातून काय होईल, मलाच ठाऊक न्हाई.

उत्तर धाडू नका, वेळेत पोचायचं न्हाई. आठवण तेवढी ठेवा.
नागू

निलंगा,
१० फेब्रुवारी २०२४

ती. पिराजीकाकांस,
राजकन्येचा सा. न. वि. वि.

आपली भेट कधी झालेली नाही. हे पत्र आत्याच्याच हाती देते आहे. ती वाटेत उघडणार नाही.

सभेत आत्यानं आधी तुमचा कागद वाचला. त्या क्षणी ती राखणदार राहिली नाही, राजा झाली. उजाडायला आलं तेव्हा हनुमंतदादाला घेऊन दारापाशी गेली. फटीतून उजेड दिसू लागला, तसा इतके दिवस फुशारक्या मारणारा माझा भाऊ तिच्या पदराला धरून खाली बसला, लहानपणी बसायचा तसा. मी तिला म्हटलं की आता उघड. हो काका, सख्खी बहीण असून म्हटलं. उद्या दुसरी सरजाबाई असेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आत्यानं कडीवरचा हात काढला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की हे तिच्यानं होत नाही, आणि न उघडणाऱ्याची शिक्षा स्वतःहून मागून घेतली. दादा हसला. पण तो एक विसरला होता. जाणाऱ्या राखणदाराला वारस नेमता येत नाही, जाणाऱ्या राजाला येतो. तिनं माझं नाव घेतलं, आणि दादालाही आपल्याबरोबर हद्दीबाहेर नेते म्हणाली.

गादीवर बसून पहिला हुकूम काढला, तो ह्या दोघांना घालवण्याचा. तेव्हा आवाज कापू दिला नाही.

अंधार पडल्यावरच्या गाडीनं निघतील, उजाडायच्या आत तुमच्याकडे पोचतील. दादाला कामाला लावा, नजरेआड होऊ देऊ नका. पुन्हा कुणाच्या मानेला तोंड लावलं, तर मला कळवा. दार उघडायला मी येईन.

आत्याला मात्र काही विचारू नका. एवढी वर्षं ती दिवसाही दाराकडे तोंड करून, एक डोळा उघडा ठेवून पडायची. तुमच्या गोदामात पोत्यांमागे कुठे अंधारी जागा असेल, तिथे तिला झोपू द्या. आपण होऊन उठेपर्यंत उठवू नका.

न पाहिलेल्या पुतणीवर लोभ असू द्या.
राजकन्या