सर्वानुमते नव्हे, वकीलसाहेब!

प्रिय वकीलसाहेब,

आपली ओळख नाही. तुम्हाला जाऊन शतक उलटलं, आणि मी अमेरिकेतल्या हर्नडनमधली एक रिटायर्ड इंजिनियर. पण आज मराठी मंडळाच्या सभेत तुम्ही आठवलात, म्हणून घरी येताच लिहायला बसले.

गेल्या उन्हाळ्यात तुमचं घर पाहिलं, आता तिथे संग्रहालय आहे. गाईड सांगत होती, गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना राज्याबाहेर काढायचा कायदा आला, तेव्हा विधिमंडळाच्या अख्ख्या सभागृहात विरोधात एकच हात वर झाला. तुमचा! कायदा झालाच. पुढची निवडणूक तुम्ही हरलात. हे होणार हे ठाऊक असूनही हात वर केलात?

आणि गाव सोडलं नाहीत! ज्यांनी पाडलं त्यांचीच मृत्युपत्रं लिहिलीत, त्यांचेच कुंपणाचे तंटे लढवलेत, अगदी मरेपर्यंत. केवढी ही छाती! तुमच्या खुर्चीसमोर मी नकळत हात जोडले.

कुठे तुमचं विधिमंडळ आणि कुठे आमचं मराठी मंडळ! हसू नका. आजचा ठराव होता, सभासद जन्मानं मराठीच हवा. म्हणजे आमच्या मंडळातल्या सुहासची बायको रोझा बाहेर. ती एल साल्वादोरची. सुहास वारल्यावरही दर गणपतीला मोदक वळायला येते. ठराव वाचला जात होता तेव्हा ती आत आमचाच चहा गाळत होती.

मी हात वर केला.

अध्यक्ष निखिल माझ्या मुलाच्या वयाचा. "काकू, प्लीज, सर्वानुमते लिहू ना! पास तर होणारच आहे. उगाच इश्यू कशाला?"

"पास कर. पण सर्वानुमते लिहायचं नाही."

ठराव मंजूर झाला. रोझा ट्रे घेऊन आली. "काकू, तुमचा बिनसाखरेचा."  शेवटी ठरावाचं तिला मीच सांगितलं.

तिनं ट्रे खाली ठेवला. "सगळेच, काकू?"

"नाही गं. सगळे नाही."

तिनं माझा हात घट्ट धरला. वकीलसाहेब, त्या काळी तुमच्या गावातही कुणीतरी असंच विचारलं असेल ना?

एक तक्रार मात्र आहे. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना हसून गुड मॉर्निंग कसं म्हणायचं, हे कुठे लिहून का नाही ठेवलंत?

आमचे हे म्हणतात, सोड ते मंडळ. नाही सोडणार. शब्द देते, पुढच्या सभेला निखिलच्या शेजारीच बसेन आणि रोझाला परत घ्यायचा ठराव मांडेन. पडला तर पुन्हा मांडेन.

तुमची,
विरोधातलं एक मत,
सुलभा