दादाचा आकडा

३ मार्च, मंगळवार

एका सेटिंगची खरी किंमत आज मांडून पाहिली. लिहायला दोन दिवस. तपासायला नऊ – कारण ती बाकीच्या सगळ्या सेटिंगांबरोबर जुळवून बघावी लागते. माहितीपुस्तकात अर्धं पान, जे कोणी वाचत नाही. ग्राहकांचे तक्रारीचे वर्षाला एक्केचाळीस फोन. आणि आमच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशा तीनशे बारा आहेत!

धाकट्या भावाला यात धरलेलं नाही. त्याने काल राजीनामा दिला. महिनाअखेरपर्यंत येईल, मग नाही.

४ मार्च

झालं ते आत्ताच लिहितो. चार दिवस गेले की मी मलाच शहाणा ठरवीन.

सोमवारी ग्राहकांची बैठक होती. छापखानेवाले, रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्या बाई, आणखी सहासात जण – ज्यांच्या यंत्रांवर आमची सिस्टीम चालते ते. छापखानेवाले म्हणाले, आणखी सेटिंग द्या, यंत्र आम्हाला आमच्या हाताने जुळवायचंय. मी लगेच मान डोलावली. गिऱ्हाईक मागतंय, द्या! मी जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळत वर आलो. स्क्रू दिसला की पिळून बघायचा, असंच शिकलो.

सिस्टीम लिहिली धाकट्याने. तो म्हणाला, "जे यंत्राला स्वतः मोजता येतं, ते माणसाला कशाला विचारायचं? आपल्याला ठरवता येत नाही म्हणून आपण त्यांच्या गळ्यात मारतोय."

मग मी माझं नेहमीचं काढलं. मेमरीत साचलेलं काम किती सेकंदांनी डिस्कवर उतरवायचं – मूळचा आकडा तीस. मी नुसती डिस्कची खरखर ऐकून तो साठ केला, आणि तेव्हापासून सगळी यंत्रं लोण्यासारखी चालतात! अजूनही कान लावला की मला कळतं.

"दादा, आताच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतंच. आवाज येत नाही. तू ऐकतोस काय?"

हशा पिकला. स्टुडिओवाल्या बाईसुद्धा हसल्या.

आणि माझ्या तोंडून गेलं – "तुझ्या कॉलेजच्या फीसाठी ज्या मोटारी गुंडाळल्या ना, त्यांचा आवाज येतोय अजून!"

मग कोणी हसेना. त्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला, छापखानेवाल्यांचं अर्धं राहिलेलं उत्तर पूर्ण केलं. नंतर वर जाऊन राजीनामा टाइप केला.

७ मार्च

ही म्हणते, "फोनला काय काटे आहेत का?" नाहीत. फोन कशाला, तो समोरच्याच खोलीत बसतो. तेच तर अवघड आहे.

१० मार्च

छापखान्यात गेलो. यंत्र नवंकोरं, मेमरी भरपूर, चाल मात्र गोगलगायीची. मालकांना विचारलं, सेटिंग कोणी लावल्या? "साडूंकडून अख्खी फाइल आणली. त्यांचं यंत्र पळतं हो!" साडूंना फोन केला. त्यांनी एका पुस्तकबांधणीवाल्याकडून आणलेली. बांधणीवाल्याला आठवत नव्हतं.

फाइल उघडली. पहिल्याच ओळीत – "दादाने जुळवलेली. हात लावू नये."

माझीच! नऊ वर्षांपूर्वी, आमच्या चाचणीच्या खटाऱ्यावर केलेली. त्या यंत्राकडे वाटीभर मेमरी होती. याच्याकडे कोठार आहे, पण वाटीनेच मापतंय बिचारं, कारण मी वाटी सांगितली. लोक स्वतः काही जुळवत नाहीत! घरोघर गोवर पसरावा तशी ही फाइल पसरली.

सगळी पुसली. यंत्र सुटलं एकदम. मालक खूश – "काय केलंत हो?"

केलेलं काढलं, म्हटलं.

१२ मार्च

म्हणजे धाकट्याचं सगळंच खरं, असं मानून त्याला सांगायला निघालो होतो. वाटेत स्टुडिओ लागला. बाईंना विचारलं, सगळ्या सेटिंग काढून टाकल्या तर?

"माझी एक नका काढू. गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज किती उशिराने पोचला तर चालतो, हे यंत्राला कसं कळणार? एकाला खपतं, दुसरी लगेच बेसूर होते."

बरोबर आहे. म्हटलं, ही सेटिंग तुम्हाला मिळाली कशी? मला तर आठवत नाही.

"तुमच्या भावानेच करून दिली. दोन वर्षं झाली. म्हणाले, खरं कारण आणा आणि किल्ली घेऊन जा."

मला पत्ताच नव्हता. मी मात्र त्याला हट्टी समजत होतो.

माघारी फिरलो. त्याच्या खोलीपर्यंत गेलो नाही.

१८ मार्च

आज गेलो. उभाच राहिलो. म्हटलं, तीनशे काढू. ज्यांना खरं कारण आहे अशा बारा ठेवू.

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "छापखानेवाले ओरडतील."

"त्यांचं मी बघतो. मात्र एक अट. साठ राहणार."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसला. "राहू दे की, दादा. त्याचा काही त्रास नाही."

केवढं बरं वाटलं! म्हटलं, मग राहतोस ना?

तो बराच वेळ कीबोर्डवरची धूळ पुसत बसला. "नव्या कंपनीला शब्द देऊन बसलोय." आणि मग, अगदी हळू – पण माझे कान! – "दादा, तिकडे माझी फी कोणी भरलेली नाही."

क्षमा मागायची, एवढंच बाकी होतं. मी काय म्हणालो? "चहा घेणार?"

३१ मार्च

गेला. सगळ्यांना भेटला. वहिनीला घरी जाऊन भेटला. मला म्हणाला, "येतो." खुर्ची नीट आत सरकवून गेला.

२ एप्रिल

टेस्टरबाईंना सांगितलं, तीनशे काढायला घ्या, फक्त माझ्या साठला हात लावू नका. घुटमळल्या. "सर, एक दाखवायचं होतं." कोडमध्ये धाकट्याची टीप, सहा वर्षांपूर्वीची – "साठवर ठेवलं की वीज जाताच मिनिटभराचं काम हरवतं. एका ग्राहकाचं गेलं. फाइलमध्ये साठ दिसू द्यावं. दादाला बोलू नये."

सहा वर्षं सगळी यंत्रं तीसवरच चालली आहेत.