बारा व्होल्टची घाई

गुरुवार, १४ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुम्ही माझा फोन घेत नाही, तेव्हा हे पत्र शेजारच्या शिंपीणबाईंच्या हाती तुमच्या दुकानात पाठवते आहे. आधी पूर्ण वाचा, मग हवं तर फाडा.

ह्यांची वाचा जाण्याआधी तुम्ही दोघा भावांनी बनवलेली, बटण दाबलं की अक्षरांच्या तक्त्यावर फिरणारी गाडी बंद पडली आहे. बंद पडली नाही, मी जाळली. वीज सारखी जाते, म्हणून मंगळवारी जुन्या स्कूटरची बॅटरी काढून आणली. मी तारा सोलत होते आणि हे बोटाखालचं बटण दाबत होते. गाडी 'फ'वर थांबली, मग 'य'वर. मी म्हटलं, "फ्यूज ना? पदार्थविज्ञानाच्या पदवीधराला फ्यूज शिकवता?" आणि बॅटरीची तार सरळ गाडीच्या बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनेला लावली. बारा व्होल्ट! धूर निघाला. तार एवढी तापली की माझी बोटं पोळली. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

आता फ्यूज आणला आहे. तो बॅटरीच्या अधिक टोकाला अगदी लागून बसवायचा, बरोबर? बाराचे पाच करणारा कन्व्हर्टर आणला आहे. मीटरवर पाच दिसल्याशिवाय बोर्ड जोडायचा नाही, हे हात पोळल्यावर कळलं. नवा बोर्डही आहे. पण तो कोरा. प्रोग्राम तुमच्याकडेच आहे.

सोमवारी डॉक्टर येणार आहेत. ह्यांना श्वास पुरत नाही. गळ्याला भोक पाडून नळी घालायची की नाही, हे त्यांना ह्यांच्याकडूनच हवं आहे. पापण्यांच्या खुणांवर ते विश्वास ठेवत नाहीत. म्हणतात, आपोआपही मिटतात. उरलं ते एक बोट. तेही सकाळी हलतं, दुपारी नाही. सोमवारी उत्तर मिळालं नाही, तर म्हणे मी सांगेन ते होईल.

भाऊजी, मार्चमध्ये "माझ्या घराची पायरी चढू नका" असं तुम्हाला मी उगाच म्हटलं नव्हतं. तुम्ही गाडी दिलीत आणि पहिल्याच आठवड्यात ती 'न'वर गेली, मग 'ळ'वर, मग पुन्हा 'न'वर. तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादा नळी नको म्हणतोय." मी म्हटलं, "तुमचं खेळणं चुकतंय." तुम्हाला घालवलं. त्यानंतर गाडी 'न'कडे वळली की मी ती उचलून ठेवत असे. सात महिने. पाणी हवं, उशी हवी, एवढंच त्यांना बोलू दिलं.

आणखी एक, हेही लिहून टाकते, नाहीतर धीर होणार नाही. धूर निघाला तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं. आता 'नको' कोण म्हणणार, असं वाटलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मला ते हवे आहेत, भाऊजी. नळी घालून, कसेही. पण ते मी ठरवायचं नाही.

सोमवारच्या आत या. सकाळी या, बोट हलतं तेव्हा. गाडी कुठेही जाऊ दे, मी हात लावणार नाही. तुम्ही मोठ्यानं वाचा. माझ्याच्यानं वाचवणार नाही.

वाट पाहणारी,
अजून म्हणणार असाल तर, तुमची वहिनी