मालक त्याच घरात राहायला हवा

३ जून
भूषणचा फोन. "आई, एकटी राहू नकोस. बंगळुरूला ये कायमची. कुंभमेळ्यात नाशिकला खोल्या मिळणार नाहीत, आपलं घर होमस्टेला देऊ." कायमची म्हणाला! हे गेल्यापासून पहिल्यांदा.

७ जून
कुंड्या शेजारच्या झुंबरबाईंना देऊन टाकल्या. म्हणाल्या, "नशीबवान हायेत बाई तुम्ही. माझं पोरगं इथं जवळ पेठला हाय, तरी येत नाय." वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर — थोडा तोराही आला.

१२ जून
ह्यांचे कपडे वाटले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला युनिफॉर्म तेवढा ठेवला. नातीसाठी, सृष्टीसाठी, स्वेटर घातलाय विणायला. बंगळुरूला गारवा असतो म्हणे.

१८ जून
होमस्टेच्या परवान्यासाठी पर्यटन कार्यालयात गेले. घराचे कागद, पोलिसांचा दाखला, सगळं होतं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही कुठे राहणार?"
"मुलाकडे."
त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मग नाही मिळणार. मालक त्याच घरात राहायला हवा."
रिक्षात बसल्याबसल्या ठरवून टाकलं, नको तो परवाना. मी काय परवान्यासाठी जातेय मुलाकडे?

संध्याकाळी भूषणला सांगितलं. म्हणाला, "मग तू तिथेच राहा ना. कुंभ होऊ दे."
म्हटलं, कुलूप लावून येते.
"असं कसं, आई? मग घराचा उपयोग काय? इथेही जागेची अडचण आहेच."
अडचण.

२० जून
स्वेटर उसवला.

२९ जून
भूषणच्या म्हणण्याप्रमाणे अर्ज दिला होता, त्याच्या तपासणीला साहेब आले. वरच्या दोन्ही खोल्या, बाथरूम, जिना पाहिला. "मावशी, इथेच राहता ना?"
"हो. जाणार कुठे?"
साहेब हसले. त्यांना वाटलं, गंमत केली.

४ जुलै
भूषण ऑफिसला गेल्यावर सूनबाईचा फोन. चैताली आधी नुसती रडत होती. "आई, राहवत नाही म्हणून सांगते. तुम्ही आमच्या घरी येणारच नव्हतात. ह्यांनी वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. परवान्याच्या अटीमुळे वाचलात."
बराच वेळ तिलाच समजावत बसले. मग साहेबांना फोन लावला. अर्ज मागे घेते म्हटलं.
"का हो मावशी? मंजूर झालाय की."
म्हटलं, घर रिकामं नाही.