सात हजारांची जॉयलीन

११ एप्रिल २००९, शनिवार

"सात हजार!" काझ दारातूनच ओरडला. म्हटलं, आणखी कुठल्या कारखान्याने सात हजार माणसं घरी बसवली! हल्ली आकडा कानावर पडला की तेच वाटतं. पण हा तर हसत होता.

बोट! अठ्ठावीस फुटी, केबिनवाली. आत दोघं झोपतील, छोटी शेगडी, संडास – सगळं. सात हजार डॉलर!

मी ईस्टरची अंडी रंगवत होते. हातातलं लाल अंडं तसंच धरून उभी. "चोरीची असेल," म्हटलं.

"चोरीची कशी असेल? मालक स्वतः विकतोय. तळ्याकडच्या रस्त्याला अंगणात पाटी लावलीय त्याने."

हल्ली पाटी नसलेलं अंगण दाखवा! बर्फावरच्या स्कूटर, मोटरसायकली, कॅम्पर, बोटी. आमच्या गल्लीत तर तीन अंगणांत घरच विकायची पाटी आहे. पण अशी बोट सात हजारांत? दोन वर्षांपूर्वी पंचवीसच्या खाली कुणी बोलला नसता.

आणि पैसे कुठले? तर म्हणे ओव्हरटाइमचे बाजूला टाकत होतो. आमचं लग्न झाल्यापासून या माणसाने बाजूला टाकली ती फक्त ताटातली कोबी! काझच्या साचे बनवणाऱ्या वर्कशॉपला अजून काम आहे ही देवाचीच कृपा.

१२ एप्रिल, ईस्टर

चर्चमध्ये गुडघे टेकले आणि डोक्यात बोट. देवा, माफ कर. पण सात हजार!

१४ एप्रिल, मंगळवार

तळघरातलं माझं सलून रिकामं. अख्ख्या दिवसात एकटी इर्मा आली, पर्मला, केस कुरळे करून घ्यायला. बाकीच्या बायका आता घरीच कात्री चालवतात आणि मग डोक्याला रुमाल बांधून रडत येतात. इर्माला बोटीचं सांगितलं. ऐंशीची बाई, ड्रायरखालून ओरडून बोलते –

"घे, लोटी! तू नाही घेतलीस तर दुसरा घेईल. स्वस्त मिळालं म्हणून पाप लागत नाही."

पापाचं मी काही बोललेच नव्हते!

१८ एप्रिल, शनिवार

बघून आलो. अंगणात नव्हती, धक्क्यावरच्या आवारात हलवली होती त्याने. मी अजून हादरलेली आहे.

मला वाटलं होतं गंजलेलं खोकं असेल. बोट कसली, नवरी होती ती! पांढरी, काठाला निळा पट्टा, पितळ असं घासलेलं की त्यात मी माझे पांढरे केस पाहिले. मागे निळ्या अक्षरांत नाव – जॉयलीन.

मालक व्हर्लिन टॅकेट. उंच, हडकुळा, केंटकीच्या डोंगराकडला. टोपी काढून म्हणाला, "या वहिनी, सांभाळून, पायरी ओली आहे." तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात. डिसेंबरात घरी बसवलं. हे त्याने हवापाणी सांगावं तसं सांगितलं. काझ बुटांकडे बघत होता.

त्याने एकेक ड्रॉवर उघडून दाखवला. चमचे कुठे, काडेपेटी कुठे, कुठल्या खिडकीतून पाणी झिरपतं तेही. पाण्याची नळी जोडून इंजिन सुरू केलं – एका दमात! मला राहवलं नाही.

"इतकी स्वस्त का हो विकताय?"

"अकरा देणारा आला होता, वहिनी. त्याला नुसतं इंजिन हवं होतं. बाकीची कापून भंगारात देणार होता. माझ्यासमोर बोलला!"

चार हजार सोडले या माणसाने, बोट कापू नये म्हणून. नोकरी नसलेल्या माणसाने!

"आणि तुमच्या बायकोला वाईट नाही वाटणार? तिचंच नाव ना मागे?"

"तिचं मन उडालंय पाण्यावरून," तो म्हणाला. बोलताना हात कठड्यावर होता. आम्ही निघालो तरी तिथेच.

२५ एप्रिल, शनिवार

कागद झाले. आमची! खरंच आमची!

नाव बदलूया म्हटलं तर काझ म्हणतो अपशकुन होतो. म्हटलं, वा रे वा, माझ्या नवऱ्याच्या बोटीवर परक्या बाईचं नाव! तर व्हर्लिन हळूच म्हणाला, "राहू दे ना वहिनी. या उन्हाळ्यापुरतं." मग राहिलंच ते.

१० मे, रविवार

पाण्यात उतरवली. वारा बर्फासारखा गार, तरी चार तास त्या समुद्राएवढ्या तळ्यावर होतो. काझने पर्च मासे पकडले, मी तिथेच तळले. बटाटे, कांदा, थंड बिअर. किनारा नुसती रेघ झाली होती. कारखान्यांच्या चिमण्या दिसेनाशा झाल्या आणि मला एकदम रडू आलं. सुखानेच असेल. काझ म्हणाला, "इथून काहीच बंद पडलंय असं वाटत नाही, नाही?"

असलं बोलणारा माणूस नव्हे हा.

२४ मे, रविवार

सगळं नीट लिहिते.

सुट्टीचा शनिवार-रविवार म्हणून धक्का गजबजलेला. काझ बर्फ आणायला गेला होता. मी केबिनमध्ये सॉसेज परतत होते. बोट एका बाजूला झुकली – कुणीतरी चढलं. वाटलं काझ. वळून बघते तर दारात एक बाई! माझ्याच वयाची, हातात बादली, खांद्यावर फडकी. तिला माझ्याहून मोठा धक्का बसला.

"तुम्ही कोण?" ती म्हणाली.

"तुम्ही कोण?" मी.

"माझी बोट आहे ही!"

मी म्हटलं, "बाई, धक्का चुकलात." आणि म्हणता म्हणता तिच्या शर्टावर शिवलेलं नाव दिसलं. कुठल्याशा बेकरीचा शर्ट. जॉयलीन.

देवा! मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. कुकी द्यायला हवी होती. काझ येईपर्यंत हवापाण्यावर बोलायला हवं होतं. पण माझं तोंड! मी म्हटलं, "अहो, आम्ही घेतली ना ही एप्रिलमध्ये. तुमच्या यजमानांची नोकरी गेल्यावर –"

तिने बादली खाली ठेवली.

"कुणाची नोकरी?"

सॉसेज करपत होतं. गॅस बंद करायचं सुचेना.

"आज रविवार आहे आणि तो जादा पाळीला गेलाय," ती सावकाश म्हणाली, लहान मुलाला समजवावं तसं. "बोट इथे धक्क्यावर इंजिनच्या कामाला दिलीय. मी म्हटलं आपण गुपचूप येऊन धुऊन ठेवू. खूश होईल. दरवर्षी धुते मी."

मग तिनेच गॅस बंद केला. कुठलं बटण ते बघावंही लागलं नाही तिला. पायरीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. मी पाणी दिलं, ते प्यायली. "केव्हा गेली नोकरी?" विचारलं. मी कशाला खोटं बोलू? "डिसेंबरात," मी म्हटलं.

"डिसेंबरपासून मी रोज पहाटे उठून त्याचा डबा भरतेय," ती म्हणाली. "हॅम नको, कंटाळा आला, टर्की दे, म्हणाला. मी टर्की आणली. कुठे खात होता गं तो? कुठे बसून खात होता?"

मग उठली, शेगडीखालचा ड्रॉवर उघडला, उन्हाची एक टोपी काढली. "एवढी नेते," म्हणाली. तिचीच टोपी आणि माझी परवानगी! मी मान हलवली. बादली विसरून गेली.

काझ बर्फ घेऊन आला. त्याला सांगितलं. चेहरा पांढराफटक पडला त्याचा. बर्फाची पिशवी खाली ठेवायचंही भान नाही. पाणी गळतंय बुटांवर.

२५ मे, सोमवार

शहीद सैनिकांच्या आठवणीचा दिवस. गल्लीत झेंडे, बँड. मी बाहेर गेले नाही.

बोट परत देऊया का, म्हटलं. "आणि पैसे? ते संपले असतील त्याचे," काझ म्हणाला. त्याला काय माहीत?

२७ मे, बुधवार

बाईची बादली धक्क्यावरच्या ऑफिसात ठेवावी म्हणून गेले. केबिनमध्ये व्हर्लिन! आमच्या अंथरुणावर, बूट काढून, भिंतीकडे तोंड करून. मला बघून धडपडत उठला. "वहिनी, काझ म्हणाला चालेल." बायकोने घराबाहेर काढलंय त्याला.

काझ म्हणाला? मला न विचारता?

संध्याकाळी घरात रण! मी म्हटलं, तो खोटारडा आहे. बायकोला इतके महिने फसवलं, आणि तू त्याला आपल्या बोटीवर लपवतोस?

आणि काझने टेबलावर मूठ आपटली. काझने! कार बिघडली तरी तिच्याशी हळू आवाजात बोलणारा माणूस!

"पहिल्या दिवशी सांगायचं राहून जातं, लोटी! मग दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचंही सांगावं लागतं. मग तोंडच उघडत नाही माणसाचं. तुला काय कळणार!"

ताटं नाचली. मी भांडी घासत बसले. इतका कुणासाठी भांडतोय हा?

३० मे, शनिवार

पिरोगी केल्या, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्याच त्या, आणि जॉयलीनकडे गेले. दारातूनच हाकलेल असं वाटलं होतं. आत घेतलं. घर लखलखीत. भिंतींवर बोटीचे फोटो. व्हर्लिनचे काळे केस असतानाचे.

"तू सांगितलंस म्हणून तुझा राग येत होता," ती म्हणाली. "आता नाही येत. तू नसतं सांगितलंस तर मी अजून टर्की आणत बसले असते."

मी म्हटलं, तो रात्री काही खात नाही.

"नको खाऊ दे!" पण लगेच विचारलं, "पांघरूण आहे का तिथे? पाण्यावर गारवा असतो. त्याची छाती धरते."

मी तिला तळघरात घेऊन आले, केस धुतले, कापले. फुकट. डोक्यावर पाणी पडताना रडली. केस धुताना बायका रडतात, मला सवय आहे. पाण्यात कुणाला दिसत नाही.

२ जून, मंगळवार

काल सर्वांत मोठ्या गाडीकंपनीनेही दिवाळं काढलं! टीव्हीवर दिवसभर तेच. इर्माने पर्म रद्द केली. तिच्या नवऱ्याच्या पेन्शनचं काय होणार कुणालाच ठाऊक नाही. रस्त्यावर कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाहीये.

जॉयलीन गाडी घेऊन धक्क्यावर गेली. खिडकीतून इतकंच म्हणाली, "बस." व्हर्लिन बसला. काझने सांगितलं.

७ जून, रविवार

चौघं तळ्यावर! मी भीतभीत बोलावलं होतं. जॉयलीन टोपी घालून आली, बटाट्याचं सॅलड घेऊन.

पहिला तासभर सगळे आपापल्या गळाकडेच बघत होते. मग व्हर्लिनच्या गळाला असा मासा लागला की तो आणि काझ दोघं मिळून ओढत होते आणि शेवटी वर आलं ते कुणाचं तरी जुनं बूड फाटलेलं जाळं. जॉयलीन हसली. इतकी हसली की तिला बसावं लागलं. "बघ, बघ, पगारी माणसं! दोन मिळून एक जाळं!"

व्हर्लिनही हसला. काझ हसला नाही. ऊन लागलं असेल.

मी तिला म्हटलं, बोट परत घ्या, जमेल तसे पैसे द्या. तिने मान हलवली. "तिला चालवणारं कुणीतरी हवं. आम्ही येत जाऊ. तुम्ही बोलवाल तेव्हा." उतरताना तिने माझा हात जरा जास्तच वेळ धरला. काहीतरी बोलायचं होतं तिला. व्हर्लिनकडे पाहिलं, मग राहू दिलं.

१० जून, बुधवार

भर दुपारी जॉयलीन आली. केस कापायचे नव्हते. मला माझ्याच खुर्चीत बसवलं, मागे उभी राहिली, आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "लोटी, तू मला सांगितलंस तसं मी तुला सांगते. ते दोघं अंगणातल्या पाटीमुळे नाही भेटले. बेकारभत्त्याच्या ऑफिसात भेटले, रांगेत. फेब्रुवारीत. काझ त्याच्या पुढे होता."

संध्याकाळी काझ नेहमीच्या वेळेला आला. डबा ओट्यावर ठेवला. "दमलो गं," म्हणाला. "आज काम फार होतं."

मी पाणी दिलं. विचारलं, "मासे किती मिळाले?"