माटवीचं पपनस

अनंत चतुर्दशी, दिवेलागण

गणपती पोचवून आलो आणि सासूबाईंनी गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटवीला टांगलेली फळं सोडली. सगळ्यात मोठं पपनस दरवर्षीसारखं ह्यांच्यासाठी. सोलायलाच बसल्या! मी झडपच घातली. किडनी बसवल्यापासून ह्यांच्या ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्याबरोबर पपनस नको म्हणून डॉक्टरांनी किती बजावलंय.

"किडनी माझी आसा," त्या फणकारल्या. "साठ वर्सां पपनस खाता, तिका कधी काय जाला?"

किडनी त्यांनीच तर दिलीय लेकाला. हसू दाबून सांगितलं, अडचण किडनीची नाही, गोळीची. शरीराने तुमच्या किडनीला परकी समजून हाकलू नये, म्हणून ती गोळी. पपनसाने रक्तात तिचं प्रमाण वाढतं आणि मग किडनीच बिघडते. त्यांचा सोलता हात थांबला. मी जरा चढ्या आवाजात बोलले का?

"तुम्ही खा ना," म्हटलं, "तुम्हाला चालतं."

त्यांनी ते अर्धं सोललेलं पपनस उचलून शेजारी पाठवून दिलं.

"दोगी भयणी त्यो," ह्यांच्याकडे बोट करून, मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवत म्हणाल्या. "एक थंय, एक हंय. एकीक उपाशी ठेवन दुसरीक कसा भरवू?"